प्रीतिभोजनाचे पॉइंट

आमचे थॉमस आर्मीच्या डेपोत भांडारपाल होते. निवृत्त झाले तरी घरात येणारी प्रत्येक वस्तू अजून तपासूनच घेतात. बँकेतल्या राजनंदिनीने त्यांना क्रेडिट कार्डाचं माहितीपत्रक दिलं, तेव्हा ते दोन दिवस चष्मा लावून ते वाचत बसले होते. अगदी साधं, पहिल्या पायरीचं कार्ड. पहिलं वर्ष फुकट, शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट.

मी जन्मभर स्टाफ नर्स होते, मला निदानाला वेळ लागत नाही. एक पॉइंट म्हणजे चार आणे. पेट्रोलला पॉइंट नाही. भिंगारच्या बाजारातली भाजीवाली कार्ड घेत नाही, दूधवाला घेत नाही आणि रविवारचा मटणवाला तर कार्ड दाखवलं तर सुरा दाखवेल. उरलं काय? औषधं, विजेचं बिल आणि मार्टमधलं थोडंफार सामान. वर्षभर घासलं तर कुकरची एक शिट्टी येईल, असं मी सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे दुसरी बाजू मांडली. औषधं आणि बिलं चुकणार नाहीतच, मग चार आणे का सोडायचे? तारखेला सगळी रक्कम भरली की व्याजाचा प्रश्नच नाही. ते मला पटलं. जो माणूस विजेचं बिल यायच्या आधी पैसे घेऊन रांगेत उभा राहतो, त्याला कार्डापासून धोका नाही. घ्या, म्हटलं. पत्रकात आणखी एक ओळ होती. पहिल्या तीन महिन्यांत वीस हजारांची खरेदी केली तर अडीच हजारांचं व्हाउचर. आपण दोघं म्हातारे, आपलं एवढं होत नाही, असं म्हणून मी तो विषय संपवला. त्यांनी तो संपवलेला नव्हता, हे मला उशिरा कळलं.

आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात, खुराड्यात जे पहिलं येईल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसा चर्चला जातो आणि मग सगळे एका पंगतीत प्रीतिभोजनाला बसतात. थॉमस चर्चचे खजिनदार. त्यांच्या हिशेबात आजवर कुणाला रुपया इकडचा तिकडे सापडलेला नाही, आणि या गोष्टीचा मला त्यांच्यापेक्षा जास्त ताठा आहे. जेवणाचं वाणसामान दरवर्षी दाळमंडईतल्या नूरमहंमदभाईंकडून येतं. ते घाऊक भावातही सूट देतात आणि वर तांदळाचं एक पोतं आपल्यातर्फे घालतात.

सणाच्या आधीच्या आठवड्यात मी दाळमंडईत मसाल्याला गेले होते. नूरमहंमदभाईंनी मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला.

"सिस्टर, यंदा काय चुकलं का आमचं?" ते म्हणाले. "तांदूळ बाजूला काढून ठेवलाय. थॉमससाहेब आलेच न्हाईत."

मला चहा गोड लागेना. घरी येऊन विचारलं, तर थॉमस आनंदाने उठले आणि आतून एक खोकं घेऊन आले. नवा मिक्सर. माझा जुना मिक्सर चटणी वाटताना धूर सोडतो, हे त्यांच्या लक्षात होतं. सगळं सामान केडगावच्या मार्टमधून कार्डावर घेतलं, चर्चचे पैसे आले तसे लगेच बँकेत भरले, वीस हजार पुरे झाले, व्हाउचर आलं, त्यावर हा मिक्सर घेतला. नूरमहंमदभाईंकडे कार्डाचं यंत्र नाही, म्हणून तिकडे गेलो नाही, असंही त्यांनी सांगितलं. चेहरा असा, जसा काही पहिला पगार माझ्या हातात ठेवताहेत.

मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि त्याच क्षणी संतापही आला. मार्टचा भाव जास्त, सूट गेली, तांदळाचं पोतं गेलं. सगळ्या मंडळीने दिलेल्या दानावर आमच्या ओट्यावर मिक्सर आला. याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

"पैसे चर्चचे," मी म्हटलं, "तर मिक्सरही चर्चचा. मी त्यात खोबरंसुद्धा वाटणार नाही."

त्यांनी आधी वाद घातला. बिल चोख आहे, पावत्या आहेत, पॉइंट तर बँक देते. मी जुन्या मिक्सरवर लसणाची चटणी वाटली, घरभर धूर केला. जेवताना ते एकदम थांबले. "नूरमहंमदला काय वाटलं असेल गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दाळमंडईत गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मार्टच्या भावातला फरक आणि त्या पोत्याची किंमत त्यांनी आपल्या पेन्शनमधून चर्चच्या खात्यात भरली, ते मात्र मला दाखवलं.

सणाच्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं होती, भोपळे होते, एक रागावलेला कोंबडा होता आणि त्यांच्या मधोमध मिक्सरचं खोकं. आबासाहेब दरवर्षी लिलाव पुकारतात. थॉमसनी सांगितलं होतं तसंच त्यांनी जाहीर केलं, की जेवणाचं सामान खजिनदारांनी आपल्या कार्डावर घेतलं, त्यावर ही वस्तू मिळाली, म्हणून ती मंडळीची आहे. चर्चमध्ये कुजबुज झाली. थॉमस टेबलामागे पावतीपुस्तक घेऊन ताठ बसले होते, पण कान लाल झाले होते.

बोली हजारापासून निघाली. आमच्या लिलावात भोपळासुद्धा चिकनच्या भावाने जातो, हौसेला मोल नसतं. मिक्सर दोन हजारांवर गेला, अडीचवर गेला. मग मी हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. आबासाहेबांनी तीन हजार दोनशेला तीन वार केले.

मी टेबलापाशी गेले आणि माझ्या पेन्शनचे पैसे पुढे ठेवले. थॉमसनी मान वर केली नाही. नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, जशा सगळ्यांच्या मोजतात, आणि माझ्या नावाची पावती फाडली.

"दुकानात अडीच हजाराला मिळाला असता," ते हळूच म्हणाले.

"मिळाला असता," मी म्हटलं. "पण मला हाच हवा होता."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे रांग होती, म्हणून मी खोकं उचललं आणि बाजूला झाले.