सही केलेलं मत

नगरपालिकेची मतपत्रिका इथे टपालाने घरी येते, हे ऐकल्यावर मी आधी हसलो आणि मग चिडलो. मी अडतीस वर्षं शाळामास्तर होतो. मास्तर म्हटला की निवडणुकीची ड्यूटी त्याच्या गळ्यात पडणारच. आदल्या दिवशी पेट्या घेऊन एसटीने कुठल्यातरी खेड्यात जायचं, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडायचं आणि सकाळी शाई, सील, लाख, पोलीस असा सगळा जामानिमा मांडायचा. आणि इथे ऑस्ट्रेलियात, टार्निटला, ती मतपत्रिका आमच्या पत्रपेटीत पिझ्झाच्या जाहिरातीला चिकटून आली होती.

"कोणीही उचलून नेईल," मी नुपूरला म्हणालो.

"कोण कशाला नेईल बाबा? It's not theirs."

मी आणखी चिडलो. लिफाफ्यावर सही करायची, आत मतपत्रिका घालायची आणि टपालाच्या लाल डब्यात टाकायची, की झालं मतदान. वर, मत दिलं नाही तर दंड. म्हणजे दटावणार पोरांना दटावतात तसं आणि विश्वास ठेवणार साधूसंतांवर ठेवतात तसा.

त्या मतपत्रिकेवर पाच नावं होती आणि तिसरं नाव माझ्या मुलीचं होतं.

नुपूर फिजिओथेरपिस्ट आहे. राजकारण तिच्या सात पिढ्यांत कोणी केलं नाही; आमच्या घरात कोणी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा झाला नव्हता. ती उभी राहिली ती एका बसपायी. आमची वसाहत नवी. घरं झाली, तळं झालं, तळ्यात बदकं आली, पण स्टेशनला जाणारी बस पाऊण तासाने एक आणि रविवारी तीही नाही. तिच्याकडे गुडघे दाखवायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका उन्हात स्टॉपवर ताटकळत बसायच्या. स्टॉप म्हणजे तरी काय, गवतात पुरलेला एक खांब. नुपूरने वर्षभर अर्ज केले. बस काही नगरपालिका चालवत नाही, पण निदान स्टॉप नीट बांधा, वरती सरकारकडे भांडा, एवढंच तिचं म्हणणं. कोणी दाद देईना तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मीच उभी राहते." मी म्हणालो, "पडशील." बापाने आशीर्वाद द्यायचा असतो हे मला कळतं, पण माझं तोंड आधी चालतं.

नंतर मात्र अडीच महिने मी तिची पत्रकं वाटत फिरलो. एकशे ऐंशी घरांच्या दारात गेलो आणि फक्त दोन कुत्रे भुंकले.

आता सोजरबाईंबद्दल सांगायला हवं. दर बुधवारी सकाळी लायब्ररीतल्या एका खोलीत मी मराठी लिहायला-वाचायला शिकवतो. मुलांसाठी वर्ग काढला होता. मुलं एकही आली नाहीत, आज्या आल्या. त्यांत सोजरबाई लहानू ढवारे, वय शहात्तर, लातूरकडच्या. मुलगा सुखदेव इथे इंजिनियर. त्याने आईला आणलं, यथावकाश नागरिकत्वही मिळवून दिलं. बाईंनी आयुष्यभर अंगठा उठवला होता. पहिल्या दिवशी मी फळ्यावर वरती "श्री" लिहिलं आणि म्हणालो, कुठलाही कागद असा सुरू करायचा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आम्ही श्री न्हाई लिवत, गुरुजी. मी जय भीम लिवते."

मला क्षणभर राग आला, खोटं कशाला सांगू. वर्गात उलट बोललेलं मला कधी चालत नसे. मग विचार केला, कागद त्यांचा आहे. म्हणालो, "लिहा. पण खाली नाव हवंच. ज्या कागदाखाली नाव नाही तो कागद कोणाचाच नाही." हे त्यांना फार पटलं. वाणसामानाची यादी केली तरी तिच्याखाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहून आणायच्या आणि माझ्यापुढे धरायच्या. नुपूर त्यांच्या गुडघ्यावर उपचार करत होती. तिच्यावर त्यांचा भारी जीव.

मतमोजणी झाली. इथली रीत अशी की मतदाराने पाचही उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे आणि दोघं उरेपर्यंत सर्वांत खालच्याला वगळून त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटत जायची. शेवटी दोघीच उरल्या, नुपूर आणि ट्रेसी नावाची तिथली जुनी नगरसेविका. नुपूर चार मतांनी मागे होती.

इतक्या कमी फरकाला फेरमोजणी मागता येते. नुपूरने मागितली आणि तिची प्रतिनिधी म्हणून मोजणीच्या टेबलाशी मला उभं केलं. "तुम्हाला अनुभव आहे बाबा," ती म्हणाली. या वाक्याने मी किती फुगलो ते तिला कळलं असणार. प्रतिनिधीने कागदाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हरकत असेल तर सांगायची, आणि कोणाचं मत कुठे गेलं ते बाहेर कुणाजवळही बोलायचं नाही. तशी सही करून दिली. ट्रेसीकडून कॉलिन नावाचा एक गृहस्थ होता, निवृत्त प्लंबर, माझ्याच वयाचा, पायात हाफ पँट. निवडणूक अधिकारी डेनिस नावाची बाई. सकाळी दहाला सुरुवात झाली. मी कॉलिनकडे मांजराने मांजराकडे बघावं तसा बघत होतो. त्याने मला सँडविचचा अर्धा भाग दिला.

दुपारी बाद मतांचा गठ्ठा निघाला. कोरे कागद, शिव्या लिहिलेले कागद, चित्रं काढलेले कागद. मग डेनिसने आठ कागद वेगळे मांडले.

"यांच्यावर क्रमांक अगदी बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण वरती काहीतरी लिहिलंय. पहिल्या मोजणीत ही मतदाराची सही समजून बाद केली. मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं तर मत बाद होतं. ही कुठली लिपी आहे?"

मी वाकून पाहिलं आणि माझे कान तापले. सात कागदांच्या डोक्यावर, मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन उभ्या रेघा मारून "श्री" लिहिलं होतं. आपल्या लोकांनी! परीक्षेचा पेपर, लग्नाची यादी आणि आता ऑस्ट्रेलियाची मतपत्रिका. त्यांतलं एक अक्षर माझं स्वतःचं होतं. अडतीस वर्षं निवडणुका केलेला माणूस, आणि सवयीने हात गेला तो गेलाच.

"हे नाव नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे कुठलंही चांगलं काम सुरू करताना कागदावर हे अक्षर लिहितात. देवाचं स्मरण म्हणा. हजारो लोक लिहितात. त्यावरून माणूस ओळखू येत नाही."

डेनिसने कॉलिनकडे पाहिलं. "तुमची हरकत? दुभाषाकडून तपासून घेता येईल."

कॉलिनने चष्मा वर सरकवून सातही कागद निरखले. "हा माणूस मास्तर होता म्हणाला," तो म्हणाला. "त्याचा शब्द मला पुरेसा आहे."

सातांतली पाच मतं नुपूरकडे आली, दोन ट्रेसीकडे गेली. चारचा फरक एकावर आला. कॉलिनने हे गणित माझ्याआधी केलं असणार, आणि तरीही तो तसं म्हणाला. मला त्याचं काय करावं कळेना. हात पुढे करावा, की त्याच्या हाफ पँटीला मनातल्या मनात नावं ठेवली म्हणून माफी मागावी.

"आणि हा आठवा?" डेनिसने विचारलं. "हेही तेच ना? प्रार्थना?"

आठव्या कागदावर नुपूरला पहिला क्रमांक होता. वरती "जय भीम" होतं. कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या आणि त्यांच्याखाली तिसरी. त्या अक्षराचा प्रत्येक काना मी दुरुस्त केलेला होता.

हे मत धरलं तर बरोबरी होणार होती, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतात. म्हणजे नुपूरला निम्मी संधी. वर्षभर उन्हात हिंडलेली माझी पोर. डेनिसने उत्तर माझ्या तोंडात आयतं ठेवलं होतं. मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. त्या हॉलमध्ये मराठी वाचणारा दुसरा कोणी नव्हता. मी थोर वगैरे नाही. मान डोलवायचं माझ्या मनात आलं होतं, चांगलं दोन-तीन श्वास टिकलं होतं. पण कॉलिन माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवत होता. त्याने संशयाने पाहिलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो.

"नाही," मी म्हणालो. "वरच्या दोन ओळी शुभेच्छा आहेत. खालची ओळ मतदाराचं नाव आहे. पूर्ण नाव."

डेनिसने तो कागद पुन्हा बाद गठ्ठ्यावर ठेवला. म्हणाली, "थँक यू." इतक्या हळू म्हणाली की मला रडूच आलं. कॉलिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात इतक्या निवडणुका केल्या, पण माझ्या शब्दाला एवढी किंमत कोणी दिली नव्हती. मी तिघांचा ऋणी होतो: त्या दोघांचा, आणि जिचं मत मी बाद करवलं तिचा, ती तर तिथे नव्हतीच.

नुपूर एका मताने पडली. मी तिला सांगितलं, एक मत नाव लिहिल्यामुळे बाद झालं, आपलं होतं, वाचणारा मी होतो. कोणाचं ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही दुसरं काही म्हणाला असतात तर मी तुमच्याशी बोलले नसते, बाबा." आणि उठून तिने कुकर लावला. दुसऱ्या दिवशी ट्रेसीचा फोन आला, की स्टॉपचा अर्ज घेऊन ये, आपण दोघी मिळून बघू. नुपूर गेलीही. मला मात्र आठवडाभर झोप लागेना, कारण बुधवार येणार होता.

गुपित ठेवायची सही मी केली होती. पण मास्तर होतो ना. शिकवलेलं चुकीचं निघालं तर ते दुरुस्त करायलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी ती बाई पुन्हा नाव लिहिणार. बुधवारी मी फळ्यावर मतपत्रिका काढली, पाच चौकोन, पाच क्रमांक. म्हणालो, "सगळ्या कागदांखाली नाव लिहायचं, या एका कागदाखाली नाही. लिहिलं तर मत बाद होतं. मी हे आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

बाकीच्या आज्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि वर्ग सुटल्यावर गेल्या. सोजरबाई बसून राहिल्या.

"एका मतानं पडली म्हणं नुपूरताई."

"हो."

"गुरुजी, मी लिवलं होतं नाव."

मी खडूची पेटी आवरायला लागलो. बोलायची परवानगी नव्हती. त्यांना समजलं. पदर तोंडाला लावून त्या फळ्याकडे बघत राहिल्या.

"माझ्यामुळं पडली माझी लेक."

"तुमच्यामुळे नाही," मी म्हणालो. "मी शिकवलं तसंच तुम्ही केलंत. शिक्षा व्हायची तर मला व्हावी."

"तुमाला कशापायी?" त्या एकदम उसळल्या. "तुमी शिकवलं म्हणून तर लिवता आलं. देशात मी धा-बारा बार शिक्का मारला, गुरुजी. कोनाला मारला, कुनी पुसलं न्हाई, मला कुनाला सांगावं वाटलं न्हाई. हे पयलं मत माझ्या हातानं लिवलेलं. बाद तर बाद." मग त्यांनी डोळे पुसले. "ताईला सांगितलं का, माझं होतं म्हून?"

"मला सांगता येत नाही. मी तशी सही केलीय. तुम्ही सांगू शकता. मत तुमचं आहे."

त्यांनी पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. मी नुपूरला स्पीकरवर लावून दिला आणि खोलीबाहेर निघालो. त्यांनी हाताने खूण करून मला बसवलं.

"नुपूरताई, मी सोजरबाई. ते बाद झालेलं मत माझं होतं गं माय. नाव लिवलं मी. चुकलं माझं."

पलीकडून नुपूरचा आवाज आला, "आजी, त्यावर काय लिहिलं होतंत? बाबा सांगत नाहीत. मला सांगाल?"

सोजरबाई खुर्चीत ताठ बसल्या, वर्गात वाचायला उभं केल्यावर बसायच्या तशा. कागद समोर नव्हता, पण त्यांनी एकेक शब्द बोट लावून वाचावा तसा म्हटला.

"जय भीम. नुपूरताई, तू माझा हात धरून मला बशीत चढवलंस. आता तू चढ, मी खालून धरते." त्या थांबल्या. मग शेवटची ओळही त्यांनी गाळली नाही. "सोजरबाई लहानू ढवारे."