पंचेचाळीस पूर्णांक नऊ

गल्लीत त्यांना ग्रॅमसाहेब म्हणत. वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात ते बत्तीस वर्षं निरीक्षक होते, आणि एकदा माल चार ग्रॅम कमी भरला म्हणून त्यांनी सख्ख्या साडूच्या दुकानाला सील ठोकलं होतं. साडू तेव्हापासून बोलत नाही. ग्रॅमसाहेबांना त्याचं वाईट वाटतं, पण चार ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. ते यशस्वी झालं यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत होतं, फक्त डाव्या पायाला कुणी कळवलं नव्हतं. उभ्यानंही दुखायचंच, पण बसलं की कमरेपासून टाचेपर्यंत नुसती आग. मग त्यांनी बसणंच सोडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर छातीच्या उंचीची फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर ताट ठेवून ते उभ्यानं जेवू लागले. बायकोही शेजारी उभी राहून जेवायला लागली. "एकटीनं बसून घास उतरत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे पुढे त्यांच्यासमोर बसायचीच बंद झाली. जेवणाच्या टेबलावर वाळलेले कपडे साचू लागले. त्या टेबलाशी दोघांनी पुन्हा बसायचं, एवढी एकच इच्छा ग्रॅमसाहेबांच्या मनात उरली होती.

शेवटी एका डॉक्टरांनी उपाय सुचवला. मणक्याच्या आत, मज्जारज्जूजवळ, दोन बारीक तारा सरकवायच्या आणि त्यांतून हलका वीजप्रवाह सोडायचा. म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत धड पोचत नाही. आधी आठवडाभर चाचणी. तेवढे दिवस यंत्राची डबी बाहेर, पट्ट्याला. दुखणं निम्म्यानं उतरलं तर डबी कायमची कातडीखाली. नाही उतरलं तर तारा काढायच्या आणि विषय संपला.

"आत्तापासूनच रोज दुखण्याचा आकडा लिहा. शून्य ते दहा," डॉक्टर म्हणाले.

"कोणत्या प्रमाणानं?"

"अंदाजानं लिहा हो."

अंदाज हा शब्द कानावर पडला की ग्रॅमसाहेब पूर्वी दंडाचं पावतीपुस्तक बाहेर काढत. आता ते मूग गिळून घरी आले आणि त्यांनी स्वतःच प्रमाण ठरवायला घेतलं. कपडे वाळत घालायचा चिमटा कानाच्या पाळीला एक मिनिट लावला, त्याला तीन. अर्ध्या किलोचं पितळी वजन एक फुटावरून पायाच्या अंगठ्यावर सोडलं, त्याला सात. अंगठा काळानिळा पडला. त्याच्या दुखण्यासाठी वेगळा रकाना आखला. एकाच माणसावर घेतलेलं माप ग्राह्य धरता येत नाही, म्हणून जावयाला बोलावून घेतलं. जावई नुसत्या चिमट्यालाच 'नऊ' म्हणून विव्हळला. वहीत त्याच्यापुढे 'सदोष उपकरण' असा शेरा मारून त्याला चहा पाजून परत पाठवलं. बायकोनं कपाळावर हात मारला.

रोज सकाळी साडेसातला, स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं काढलेल्या चौकोनात, नळाकडे तोंड करून, सरळ उभं राहून माप घ्यायचं. चाचणीआधीच्या आठवड्याची सरासरी आली सात पूर्णांक चार.

मग तारा बसल्या. यंत्र लावून देणारी मुलगी मोठी हसरी होती. "वाकू नका, वळू नका. बसायला मात्र हरकत नाही. बसून बघा हं काका," ती म्हणाली.

"आधीची मापं उभ्यानं घेतली आहेत. परिस्थिती बदलली की माप बाद," ग्रॅमसाहेबांनी तिला समजावलं.

आणि खरोखर, ज्या एका गोष्टीसाठी पाठीत तारा घालून घेतल्या, ती गोष्ट या गृहस्थानं आठवडाभर करून पाहिली नाही. हट्टालाही काही मर्यादा असते.

आठवड्याची सरासरी आली चार. त्यांनी तीन वेळा भागाकार केला. दुखणं उतरलं होतं पंचेचाळीस पूर्णांक नऊ टक्के. हवे होते पन्नास. त्या सकाळी फळीवरचा चहा निवून गेला तरी ते चौकोनात उभेच होते.

दवाखान्यात डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या होत्या. नवराबायको त्यांच्या मागे उभे राहिले. डॉक्टरांनी वही पाहिली, जावयाच्या शेऱ्यापाशी थबकले, मग म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय की फरक. चार टक्के इकडेतिकडे. पन्नास धरू."

"धरू नका," ग्रॅमसाहेब म्हणाले. "मी चार ग्रॅमसाठी घरातला माणूस तोडलाय. तारा काढा."

तेव्हा बायको पुढच्या खुर्चीत धपकन बसली. सहा वर्षांत ती त्यांच्यादेखत पहिल्यांदाच बसत होती.

"मी नाही उठणार," ती म्हणाली. "तुमचं दुखणं मोजलंत. माझ्या गुडघ्यांना कुठला रकाना आहे? मंगळवारी तुम्ही दाढी करताना शीळ घालत होतात. ती कुठे लिहिलीत?"

"शीळ मोजता येत नाही."

"दाखवा बघू वही. काय काय मोजता येतं ते कळू दे मला."

आता हे मात्र त्यांचं काम होतं. हिशेब न कळणाऱ्या माणसाला शेजारी घेऊन, बोट ठेवून समजावणं. त्यांनी वही उघडली. हा चिमट्याचा रकाना, हा अंगठ्याचा. बायको प्रत्येक ओळीला अडवत होती, ते प्रत्येक ओळीला चिडत होते. डॉक्टर घड्याळाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होते. पंचवीस मिनिटं झाली.

"साहेब," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही बसला आहात."

ग्रॅमसाहेबांनी खाली पाहिलं. वही मांडीवर होती. मांडी खुर्चीवर होती. त्यांनी खिशातला चिमटा चाचपला, पण बाहेर काढला नाही.

"किती दुखत होतं इतका वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

खोटं लिहिणं ग्रॅमसाहेबांच्या हातून झालंच नसतं. मग त्यांनी पेन काढलं, नव्या ओळीवर तारीख, वेळ आणि 'बसून' असं लिहिलं, आणि आकड्याच्या रकान्यात बत्तीस वर्षांत कधी न लिहिलेली नोंद केली: 'लक्ष नव्हतं.' खाली सही केली.

डॉक्टरांनी डबी कातडीखाली बसवायच्या ऑपरेशनची तारीख बघायला फाईल ओढली. ग्रॅमसाहेब सवयीनं उठायला गेले.

"बसा हो जरा," बायको म्हणाली. "माझे पाय दुखतायत."

"किती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी वहीत नवा रकाना आखायला घेतला.