पैजेला लावलेला स्वयंपाकी

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर माझ्या नवऱ्यानं, अमोसनं, पैजेला आमचा स्वयंपाकी लावला.

आमच्या गुरांवर कंदिलाचा डाग असे, शेजारच्या ग्रबच्या गुरांवर करवतीचा. माळाला कुंपण नव्हतं, त्यामुळे उन्हाळाभर दोन्ही कळप एकत्रच चरत आणि मग दोन्हीकडचे गुराखी मिळून ते घेरून आणत, वेगळे करत. या कामाला आमचा स्वयंपाकी मेलितोन त्याच्या बोलीत ‘रोदेओ’ म्हणे. मधला एखादा रविवार सुट्टीचा असे, आणि सुट्टी मिळाली की गुराख्यांना आपण कोण थोर ते सिद्ध करावंसं वाटे. ग्रबकडे पाद्री नावाचा घोडा होता. माणूस पाठीवर बसेपर्यंत तो मान खाली घालून प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा दिसे. ग्रब म्हणाला, तुमच्यातला कोणी याच्यावर टिकला तर घोडा तुमचा, नाही टिकला तर मेलितोन माझा. अमोसला नकार देता येत नाही. मेलितोनला कोणी विचारलंच नाही.

मेलितोनला जायचं नव्हतं. आमच्या घरामागे त्याचा मिरच्यांचा वाफा होता आणि ओढ्यापलीकडे त्याच्या धाकट्या बहिणीचं घर.

नियम दोनच होते. घोडा आपण होऊन थांबेपर्यंत खाली पडायचं नाही आणि खोगिराच्या मुठीला हात लावायचा नाही. अडलं ते पंचापाशी. आमच्या माणसावर ग्रबचा विश्वास नव्हता, त्याच्या माणसावर आमचा. शेवटी दोन्हीकडून एकच नाव निघालं. मेलितोन तरुणपणी, मामाच्या गावच्या जत्रेत, असल्या घोड्यांवर बसलेला होता. पुढे बैलानं पाय मोडला म्हणून तो चुलीकडे वळला. शिवाय तो खोटं बोलत नाही, हे ग्रबलाही ठाऊक होतं. म्हणजे जो पणाला लागला होता तोच निवाडा करणार होता. त्यानं उलथनं पुसून माझ्या हाती दिलं आणि सांगितलं, “बाई, घेवडा ढवळत राहा. खाली लागला तर मी दोघांनाही हरवीन.”

आमच्याकडून ऑरिन हा तरुण गुराखी बसला. घोड्यांवरच्या माणसांचं आणि गाड्यांचं कडं हेच मैदान होतं. पाद्रीनं प्रार्थना आटोपली, दोनदा पाठीची कमान केली, आणि कडं फोडून टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. मेलितोन खेचरावर बसून मागोमाग गेला. बाकीचे इथेच थांबले, कारण पंचाखेरीज कोणी हलायचं नाही असं ग्रबनंच ठरवलं होतं. मग वाट पाहताना त्याचीच सगळ्यात जास्त चुळबुळ चालली होती.

ते परतले तेव्हा खेचर पुढे होतं. ऑरिन पाद्रीचा लगाम धरून पायी येत होता आणि त्याचं तोंड पडलं होतं.

“ओढ्यात जाऊन घोडा थांबला,” मेलितोन म्हणाला. “पाणी पीत होता. पोरगा पाठीवर होता.”

आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

“ओढ्यात उतरताना मुठीला हात लागला,” तो पुढे म्हणाला. “एकदाच. पण लागला.”

“काका, तिथं कोण बघत होतं?” ऑरिन कळवळून म्हणाला.

“मी.”

संध्याकाळी तो आपलं आंबवलेल्या पिठाचं मडकं काखेत मारून ग्रबच्या स्वयंपाकाच्या गाडीवर चढला. कोणाकडे पाहिलं नाही.

सोमवारी मी रांधलं. गुराख्यांनी ते आदरानं खाल्लं. ऑरिननं एक घास बराच वेळ चावला आणि हे कोणत्या जनावराचं आहे असं विचारलं. तो घेवडा होता. मंगळवारी संध्याकाळी आमच्या चुलीपाशी एकटा अमोस होता. बाकीचे सगळे ग्रबच्या गाडीकडे गेले होते, कारण माळावर भुकेल्या माणसाला कोणत्याही गाडीवरून परत पाठवत नाहीत. ही रीत ग्रबच्या बापानंही मोडली नव्हती. बुधवारी अमोस गेला. गुरुवारी मी गेले.

ग्रब दोन्हीकडच्या माणसांना वाढलं जाताना बघत होता आणि त्याची पिठाची पोती खाली बसत होती. शनिवारी तो अमोसला म्हणाला की पुन्हा एक डाव होऊ दे. या खेपेला गुरांच्या कोंडवाड्यात, म्हणजे सगळ्यांना दिसेल. अमोस लगेच हो म्हणाला.

रविवारी ग्रबनं घोडी आणली ती स्वतःच्या आईची. ऑरिन तिच्यावर बसला. घोडीनं एक जांभई दिली आणि ती तशीच उभी राहिली.

“थांबली,” ग्रब घाईनं म्हणाला. “टिकला बरं का. स्वयंपाकी तुमचा.”

कुंपणावर बसलेला मेलितोन खाली उतरला. त्याचा चेहरा मी त्यापूर्वी इतका लाल पाहिला नव्हता.

“झोपलेल्या घोडीवर मला जिंकणार?” तो ग्रबला म्हणाला. “माझी किंमत एवढीच का? यापुढं अर्धे गुण घोड्याचे. घोडा नाचला नाही तर माणूस कितीही बसो. पाद्री आणा.”

“काका, मी पडलो तर?” ऑरिननं हळूच विचारलं.

“तर मी ग्रबकडे राहीन. टोपी हातात धर. हात रिकामा असला की मुठीकडे जातो.”

पाद्री आला. तो कोंडवाड्यात एवढा उसळला की कुंपणावरचे दोघे पलीकडे पडले. ऑरिनचा टोपीचा हात सगळा वेळ वर होता. शेवटी घोडा मधोमध उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. सगळे पंचाकडे बघू लागले. ग्रब तर हात जोडायच्या बेतात होता.

मेलितोन आधी घोड्याभोवती फिरला, मग खोगिराभोवती. “हात लागला नाही,” तो म्हणाला. “आणि घोडाही चांगला.”

ग्रबनं स्वतः मडकं आणून आमच्या गाडीवर ठेवलं आणि पैजेतला पाद्रीही न मागता बांधून दिला. मेलितोननं चूल पेटवली, माझा उरलेला घेवडा कुत्र्याला दाखवला. कुत्रं निघून गेलं.

जेवताना अमोस मोकळेपणानं म्हणाला की पुढच्या वर्षी कोंडवाडा मोठा बांधू, बायकापोरांना बसायला फळ्या लावू.

“बांधा की,” मेलितोन वाढता वाढता म्हणाला. “पण मालक, तेव्हा पैजेला स्वतःला लावा.”

ऑरिन म्हणाला की तसं झालं तर आपण पहिल्याच उडीला मुद्दाम पडू. सगळे हसले. अमोस मागाहून हसला, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं.