तेराव्या रेषेखालचा ठिपका

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे वादळांचा नकाशा असतो. चर्चच्या कॅलेंडरबरोबर दरवर्षी फुकट मिळतो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत रेडिओ आकडे सांगतो आणि माझी आई इस्मे पेन्सिलीनं ठिपके मांडते. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते दारातून एवढंच विचारतात, "रेषेच्या वर की खाली?"

रेष तेराव्या अक्षांशाची. वादळ तिच्याखाली उतरलं की आमच्या कॅरियाकू बेटावरची प्रत्येक होडी खाडीतल्या खारफुटीत शिरते. तिथं प्रत्येक घराचं बांधायचं झाड ठरलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी होडी हलवायला बाबा नको तितके थांबले. वादळ अचानक खाली घसरलं, आणि ते होडीसकट दोन दिवस त्या चिखलात अडकून पडले. आई खिडकीतून हलली नाही. तिला तसं पुन्हा बघणं मला झेपणार नाही.

या सप्टेंबरात मंगळवारी दुपारी रेडिओ म्हणाला, तेरा पूर्णांक सहा. मी माझ्या कानांनी ऐकलं. आईनं ठिपका बाराजवळ टेकवला, तोही चांगला ठसठशीत.

"खाली," ती म्हणाली.

"नक्की?" नुकतेच दारात आलेल्या बाबांनी विचारलं.

"डोळे गेलेत, कॉस्नेल, कान नाही ना गेले? जा, होडी बांधून ये."

मी तोंड उघडलं, पण तिनं असे डोळे वटारले की गपगुमान मिटलं.

खाडीत बाबांची एकट्याची होडी बघून शेजारच्या बर्टिलला चेव आला. "काय रे, वाऱ्याला घाबरलास की बायकोला?"

"वाऱ्याशी भांडता तरी येतं," बाबा म्हणाले आणि दोर आवळत राहिले.

गुरुवारी वादळ पार बार्बाडोसच्या वरून निघून गेलं. दोन दिवस बाकीच्यांनी मासे मारले, आणि बाबांची गावभर टिंगल झाली. रात्री ताटात मक्याच्या पिठाचं कूकू वाढता वाढता आईला रडू फुटलं.

"ठिपका मी खोटा मांडला रे."

"ठाऊक आहे. होडीत माझा रेडिओ नाही का? खाडीत शिरायच्या आधीच ऐकलं."

"मग गेलास कशाला? उगाच हसं करून घेतलंस!"

बाबांनी घास गिळला.

"मागल्या खेपेला रेडिओचं ऐकलं होतं. परत आलो तेव्हा खिडकीत तुझं तोंड दिसलं. तेव्हा डोळे चांगले होते माझे."

आईनं आपल्या ताटातला मासा त्यांच्या ताटात टाकला.