सेड्रिक प्लम्लीला लागलं का?

सेड्रिक प्लम्ली हा विनोदी नट इंग्लंडच्या टीव्हीवर एकोणीस वर्षं नुसता पडला. जिन्यावरून, शिडीवरून, एकदा तर सपाट गालिच्यावरून. आणि तो पडला की देश असा हसे, की पलीकडे फ्रान्सात कपबशा वाजत. पुढे मालिकाच बंद पडली. साठीला टेकल्यावर गड्यानं देशोदेशी हिंडून टीव्हीसाठी प्रवासाचे कार्यक्रम करायचं धरलं. चॅनेलनं बजावलं, "गंभीर राहायचं. लोक हसले, तर सिंगापूरचा भाग शेवटचा."

म्हणून २०१४च्या गणपतीत, सिंगापुरातल्या वुडलँड्सला पद्माकर इंजिनिअरच्या फ्लॅटमध्ये, तो चेहऱ्याची इस्त्री न मोडता जमिनीवर मांडी घालून जेवायला बसला. वाढत होती पद्माकरची आई, लताबाई. पाहुणा "लव्हली" म्हणाला, की पानात मोदक. सेड्रिक सभ्य माणूस. दर मोदकाला "लव्हली" म्हणे. सतरा झाले. मोजणारे अठराही सांगतात.

दीड तासानं कॅमेरामननं बोलायची खूण केली. घर सोडताना माणूस बरोबर काय नेतो, यावर सेड्रिक असं काही बोलला, की पद्माकरचे डोळे पाणावले. मग तो ऐटीत उठला. सवय खुर्चीची, पाय कधीचेच बधिर! हात गरगरले, भुवया चढल्या आणि तेच ते जगप्रसिद्ध पडणं, थेट आमटीच्या पातेल्यात.

कॅमेरामन फिसकन हसला. सेड्रिकनं डोळे मिटले. संपलं सगळं.

"हसतोस काय मेल्या!" लताबाई कडाडल्या आणि पाहुण्याचा पाय ओढून अंगठा चोळू लागल्या. "लागलं का हो?"

"आई, ते नट आहेत," पद्माकर कुजबुजला. "पडणं त्यांचा धंदाच."

"धंदा म्हणून हाडं लोखंडाची होतात का? विचार त्यांना."

पद्माकरनं विचारलं. सेड्रिकचं हजारो वेळा पडून झालं होतं, पण हा प्रश्न नवीन होता.

"थोडंसं," तो म्हणाला. "एक्क्याण्णव सालापासून."

"अगं बाई! आणि आत्ता सांगतायत! पद्माकर, आंबेहळद उगाळ."

चॅनेलनं भाषण कापलं, पडणं ठेवलं. इंग्लंड सवयीनं हसलं. पण म्हातारीचा प्रश्न पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरांत उमटला, तसं एकदम गप्प झालं. आठवडाभर चॅनेलच्या दारात पत्रांची पोती येत होती. सगळ्यांत एकच चौकशी: आता पाय कसा आहे?

चॅनेलनं आणखी सहा देश दिले. अट एकच, जमिनीवर बसायचं नाही. ती सेड्रिकनं पाळली नाही.