मास्तरांच्या कमरेच्या चार टिपा

सकाळपासून कडक ऊन पडत होतं, तरी शिंपीमास्तरांची पँट काही वाळेना. पाय खडखडीत वाळलेले, पण कमरेपाशी ओल तशीच! बायकोनं ती दोरीवरून काढून उलटी केली, तर काय! मागच्या शिवणीत कापडाची ही जाडजूड घडी दाबलेली, आणि तिच्यावर शेजारीशेजारी चार टिपा, प्रत्येक आधीच्यापेक्षा आत.

नवऱ्याचा हात ती ओळखणार नाही होय? वीस वर्षं त्याच्याच दुकानासाठी काज-बटणं करत होती. हा माणूस झिजत चालला होता आणि कोणाला कळू नये म्हणून गुपचूप स्वतःच्याच पँटी आवळत होता!

ती तडक दुकानात गेली आणि पँट टेबलावर आपटली.

"हे काय आहे?"

"वजन उतरवतोय. चांगलं असतं म्हणे," मास्तर म्हणाले.

"थापा मारू नका! डबा रोज अर्धा परत येतो. आणि दिवसातून सात-आठ वेळा मागच्या दारानं जाता ते कुठे? मला वाटायचं, चहाला."

मास्तरांचा चेहरा उतरला. सहा महिने जुलाब, पोटात उजवीकडे खाली कळा, मधूनच ताप, सगळं एकदाचं बाहेर आलं.

"अगं, डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन आलो. गॅसच्या गोळ्या दिल्या त्यांनी."

"गॅस आहे हे त्या म्हणाल्या, की तुम्ही?"

"मीच. समोर डॉक्टरीणबाई! त्यांना कसं सांगणार, किती वेळा जावं लागतं ते? आणि भलतंच काही निघालं तर?"

हसू नका, मंडळी. आपल्यातले किती जण दवाखान्यात हेच करतात, छातीवर हात ठेवून सांगा!

बायको मात्र हसली नाही. "माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, श्वास सोडा साहेब, खोट्या मापाचा कपडा अंगाला..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"मग डॉक्टरीणबाईंना खोटं माप का दिलंत? त्या बिचारीनं औषध बेतायचं कशावर?"

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. मास्तरांनी जमिनीकडे बघत का होईना, सगळं सांगितलं. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, शौचाच्या झाल्या, दुर्बिणीची झाली.

"लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आहे, आत जखमाही आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला!

"पण ऐका. हा आजार चिवट आहे. मुळासकट जाईल असं मी सांगत नाही, पण औषधांनी शांत ठेवता येतो. बरं वाटलं म्हणून मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. डोस कमी करायचा तो मी सांगेन तसाच. आणखी गप्प बसला असतात, तर कदाचित आतडं अरुंद होऊन ऑपरेशनच करावं लागलं असतं."

चार महिन्यांत मास्तरांच्या गालांवर तेज आलं. थोडं थोडं, पण चवीनं जेवू लागले. एखाद्या दिवशी पोट अजूनही कुरकुरतं. तेवढ्यासाठी त्यांनी दुकानात पाटी लावली, "मास्तर शौचाला गेलेत. पाच मिनिटं बसा."

"अहो, लोक हसतील!" बायकोनं कपाळावर हात मारला.

"हसू देत. चोरी करायला चाललोय का मी?"

लोक दोन दिवस हसले. कोणी विचारलंच, तर मास्तर आजार आणि औषध दोन्ही सरळ सांगत. तिसऱ्या दिवशी मास्तर परत येऊन बघतात, तर शेजारच्या बँकेतल्या मॅनेजरबाई बाकावर बसलेल्या. सगळा स्टाफ ज्यांना टरकून असायचा, त्याच या बाई. आज त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"मास्तर, शिवायचं काही नाही. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. एका मैत्रिणीसाठी..." त्या घुटमळल्या. "नाही. माझ्यासाठीच."

मास्तरांनी पत्ता लिहून दिला, स्टूल पुढे ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. "बोला बाई. आधी माझ्याशी बोलून बघा, म्हणजे तिथे जड जाणार नाही."

आणि बाई बोलू लागल्या.

मंडळी, आजार होण्यात लाज कसली? पोट तुमचं आहे, त्याची तक्रार तुम्हीच सांगायची. वेळेवर सांगा, आणि दुसरा सांगू लागला तर हसू नका, ऐकून घ्या.