ममता मॅडमची रिकामी खोली

“उर्मिलाताई, भांडणाऱ्या पोरांची मला भीती नाही वाटत. सगळं गिळून गप्प बसणाऱ्यांची वाटते. प्रणितला आठवड्यातून एकदा माझ्याकडे बसू द्या.”

शाळेच्या समुपदेशक ममता मॅडम जिन्यापाशी हे म्हणाल्या, तेव्हा उर्मिलानं हसून विषय झटकला. “मॅडम, तो लाजाळू आहे हो. बोलताना अडखळतो, एवढंच.”

बी.एस्सी. झालेली बाई ती. लेकाला साधी शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी. तिला कळत नव्हतं असं नाही. सातवीतली पोरं “प-प-प्रणित” म्हणून चिडवतात, तो डबा तसाच परत आणतो, हे ती रोज पाहत होती. पण मॅडमच्या खोलीत जाणाऱ्या मुलाला त्यांच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या बायका काय म्हणतात, तेही तिनं ऐकलं होतं. ‘मेंटल’ हा शिक्का एकदा बसला की दहावीपर्यंत पुसत नाही.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. मॅडमचा पगार देणाऱ्या संस्थेनं हात आखडता घेतला होता. आता पालकांनी वर्गणी काढून मॅडमना ठेवायचं, की त्याच पैशात वर्गावर्गांत कॅमेरे बसवायचे, एवढाच प्रश्न होता.

पालकांमधले अल्पेशभाई उठले. “अरे, हे सगळे मोठ्या लोकांचे नखरे! आमच्या टायमाला काउन्सेलर म्हणजे बापाची चप्पल. पाच मिनिटांत काउन्सेलिंग खतम!”

हॉल खदखदून हसला. उर्मिलाही हसली.

“मॅडमसाठी हात वर करा,” मुख्याध्यापक म्हणाले.

शेजारच्या हिनानं हात वर केला नि कोपरानं ढोसलं. “उठा ना हाथ. तू तो पढ़ी-लिखी है.”

हात वर केला तर लोक विचारणार, तुमच्याच मुलाला गरज आहे का? उर्मिलाचा हात मांडीवरच राहिला. तसेच आणखी किती हात राहिले असतील, देव जाणे. कॅमेरे मंजूर झाले. ममता मॅडम गेल्या आणि त्यांच्या खोलीत कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारा पडदा लागला.

फेब्रुवारीत भूमितीच्या तासाला वर्गातल्या रोशननं पुन्हा प्रणितच्या अडखळण्याची नक्कल केली. प्रणितनं हातातलं कर्कटक थेट त्याच्या चेहऱ्यावर मारलं.

मॅडमच्या त्याच खोलीत उर्मिलाला ते दाखवलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. आधीची दहा मिनिटंही त्यात होती. प्रणित कानांवर हात दाबून बसला होता, आणि ते कुणीच पाहत नव्हतं.

दाराशी रोशनची आजी उभी होती, जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली जिजाबाई. “तुजा पोर घरी तरी येल गो बाय. माज्या नातवाला आता डोला न्हाय. त्यानं तुज्या पोराला चिरवला, हाय खरा. पन डोला?”

उर्मिला पाय धरायला वाकली. जिजाबाईंनी पाय मागं घेतले.

प्रणितला शाळेतून काढलं. बाल न्याय मंडळाच्या तारखा सुरू झाल्या. आता तो अडखळतही नाही, कारण बोलतच नाही.

जूनच्या पालकसभेत उर्मिला बोलावल्याशिवाय गेली. “मॅडमना परत आणा,” ती उभी राहून म्हणाली. “त्यांनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.”

मुख्याध्यापक मृदूपणे म्हणाले, “ताई, तुमचा मुलगा आता इथं शिकत नाही. तुम्हाला सभेत बसता येणार नाही.” ती बाहेर पडेपर्यंत आणखी आठ कॅमेरे मंजूर झाले होते.

वाचणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, कोळीवाड्यातलं ते दार उर्मिलाला बंद आहे, आणि ते बंद असणंच बरोबर आहे. तुमच्यापैकी कुणाला जाता आलं तर जा. जिजाबाई ओरडतील, ओरडू द्या. आत रोशन, आता तोही सगळं गिळून, भिंतीकडे तोंड करून बसलेला असेल. त्याच्या डोळ्याची चौकशी सगळे करतात. तुम्ही फक्त विचारा, बाळा, तुला भीती वाटते का? हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.